जिराफ, सत्तावीस माणसं आणि दीडशे पुऱ्या

"जिराफ मेला, तर त्याचं करतात काय?"

हा प्रश्न माझा नव्हता. म्हणजे विचारला मीच, पण विचारायला लावला तनूनं आणि कर्स्टीनं. इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात, शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये, चिप्स खाता खाता. विषय निघाला होता वर्क एक्स्पीरियन्सचा. आमच्याकडे इयर टेनमध्ये, म्हणजे नववीत, प्रत्येकानं दोन आठवडे कुठंतरी जाऊन खरंखुरं काम करायचं असतं. तनू लायब्ररीत जाणार होती. कर्स्टी तिच्या मावशीच्या सलूनमध्ये लोकांचे कापलेले केस झाडणार होती. आणि मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "मी झूमध्ये जाणार!"

"तुला कोण घेतंय झूमध्ये?" कर्स्टी फस्सकन हसली. "मागच्या वर्षी तुला टॉयलेटला जायचं असलं की टीचरला मी विचारायचे!"

हे खरं होतं. पण मागच्या वर्षी! ह्या वर्षी मी डिबेटमध्ये दुसरी आले होते (दोनच टीम होत्या, पण ते सोडा), आणि तेव्हापासून माझा आत्मविश्वास गॅसवरच्या दुधासारखा झाला होता. बघता बघता वर यायचा आणि झाकण घेऊन बाहेर पडायचा!

"एवढी धीट झाली आहेस तर झूला फोन कर," तनू म्हणाली. "आणि विचार, जिराफ मेला तर त्याचं काय करता? आत्ता. आमच्यासमोर."

मी लावला फोन. विचारलं. पलीकडच्या बाईंनी उलट मलाच विचारलं,

"आपण कोण बोलताय?"

"अक्षया! फ्रॉम रीडिंग!"

"आणि आपल्याला ही माहिती कशासाठी हवी आहे?"

"ते मी नंतर सांगेन," मी म्हणाले. कारण तनूला इतकं हसू फुटलं होतं की चिपचा तुकडा तिच्या नाकात गेला. मी घाईघाईनं फोन बंद केला.

पैज जिंकले. पण गंमत अशी, की त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईचना! खरंच, करत असतील काय? अठरा फुटांचा प्राणी! पुरायचा म्हटलं तर खड्डा उभा खणतात की आडवा? फ्रीजमध्ये ठेवायचा तर मान दुमडायची कशी? मॅथ्सच्या तासाला वहीत मी जिराफ दुमडायच्या चार पद्धती काढल्या. सरांनी खाली लाल पेननं प्रश्नचिन्ह काढून दिलं. त्यांनाही माहीत नव्हतं!

आता घरची बाजू. माझे बाबा एम-फोर हायवेच्या कडेला जी काचेची ऑफिसं दिसतात, त्यांतल्या एका ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. आणि त्यांचे पुण्यापासूनचे मित्र जयंतकाका इथं दातांचे डॉक्टर आहेत. माझ्या वर्क एक्स्पीरियन्सचा निर्णय ह्या दोघांनी मागच्याच दिवाळीत, करंजी खाताना घेऊन टाकला होता. मी जयंतकाकांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात जायचं. दोन आठवडे तोंडं बघायची. मग आपोआप मेडिसिनची गोडी लागणार, मग मी डॉक्टर होणार, आणि मग बाबा शांतपणे रिटायर होणार.

"बाबा, मला लोकांची तोंडं नाही बघायची. मला झूमध्ये जायचंय."

"झूवाले तुला ओळखतात?"

"नाही."

"जयंत ओळखतो. त्यानं सहीसुद्धा केलीय." बाबांनी खरंच खिशातून फॉर्म काढला! सहीखाली सर्जरीचा शिक्का, आणि शिक्क्यात हसणारी दाढ. "हे बघ अक्षू, मी काही हिटलर नाही. फॉर्म सोमवारी द्यायचाय ना? तोवर झूमधल्या कोणाचीही सही आण. नाही मिळाली तर सोमवारी हा फॉर्म जाईल. आणि मग रडायचं नाही."

"मान्य!" मी म्हणाले.

माझा प्लॅन साधा होता. येत्या शनिवारी आम्ही तिघांनी, आई, बाबा आणि मी, तासाभरावरच्या झूला जायचं. आत गेल्यावर कोणीतरी मोठं माणूस गाठायचं. आपल्या बुद्धीनं त्याला चकित करायचं. सही घ्यायची. परत यायचं. तीन माणसं, एक गाडी, सहा सँडविचेस! इतका सुटसुटीत प्लॅन आमच्या घरात आजवर कोणी केला नसेल. आणि होऊही दिला नसेल.

"सुचेताला सांगायला नको?" आई म्हणाली. सुचेतामावशी म्हणजे जयंतकाकांची बायको. "नंतर फोटो बघितले तर म्हणेल, आम्हाला साधं विचारलंसुद्धा नाहीत. मागे एकदा आपण न सांगता समुद्रावर गेलो होतो, तर गणपतीपर्यंत बोलत नव्हती."

सुचेतामावशीला सांगितलं. ती म्हणाली, मग अतुलला विचारा, तो एकटा असतो बिचारा. अतुलकाका म्हणाले, येतो की, फक्त ब्रिस्टलहून माझे कलीग आलेत, मराठीच आहेत. कलीग म्हणाले, आमच्याकडे आईवडील आलेत पुण्याहून, त्यांना चालेल ना? बुधवारी रात्री जेवताना बाबांनी मोजलं तर आम्ही सत्तावीस जण झालो होतो! त्यातल्या नऊ जणांना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मला वाटलं बाबा वैतागतील. छे! बाबांचे डोळे असे चमकले, जसे ऑफिसात नवीन प्रोजेक्ट मिळाल्यावर चमकतात.

"ह्याला प्लॅनिंग लागेल," ते म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

मग काय! एक्सेलची फाइल झाली. त्यात सहा शीट्स. पहिल्या शीटवर नावं. दुसऱ्यावर गाड्या. गुरुवारी बाबा अर्धा दिवस रजा टाकून एकटेच झूला जाऊन आले! स्टॉपवॉच घेऊन. गेटपासून टॉयलेट चार मिनिटं, आजोबांसोबत नऊ मिनिटं. सगळ्या दारांचे, कुंपणांचे आणि वळणांचे फोटो काढून आणले. मंगळयानाची तयारी म्हणतात ती वेगळी काय असते?

पण खरी अडचण निघाली जेवणाची. बाबांनी आणलेल्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, बाहेरचे गरम खाद्यपदार्थ आत आणू नयेत.

"म्हणजे काय?" आईनं पोळपाटावरून मान वर केली. "सत्तावीस माणसं आपण बोलावली, आणि त्यांना गार सँडविच खायला घालायचं? ब्रिस्टलचे लोक पहिल्यांदा येतायत आपल्याकडे!"

"आपल्याकडे नाही, आई, झूमध्ये!" मी म्हणाले.

"बोलावलं आपण ना? मग आपल्याकडेच. पुरी-भाजी करणार मी. आणि अहो, आत कशी न्यायची ते तुम्ही बघा. एवढे मॅनेजर आहात."

आईनं असं म्हटल्यावर बाबा पेटलेच! त्यांनी चौथं शीट उघडलं. नाव दिलं 'लंच ऑपरेशन'. बाबा बोलत होते आणि मी टाइप करत होते, कारण टायपिंगचा स्पीड माझा जास्त. सात-सात सीटच्या चार गाड्या चार वेगवेगळ्या रस्त्यांनी येतील, म्हणजे एकदम गर्दी दिसणार नाही. दहा चाळीसला सगळे गेटवर जमतील. डबे बायकांनी लांब कोटाच्या आत धरायचे. सव्वा वाजता जिराफाचा कीपर जेवायला जातो, पुढची पंचवीस मिनिटं तिथं कोणी नसतं. पूर्वेकडच्या बाकांमागे कॅमेरा पोचत नाही. अतुलकाका कोपऱ्यावर पहारा देतील. कोणी येताना दिसलं तर दोनदा खोकतील.

आणि सहावं शीट म्हणजे रिस्क रजिस्टर. काय काय बिघडू शकतं, त्याची यादी. पाऊस. ट्रॅफिक. आजोबांचे गुडघे. सातवा धोका, प्राणी पिंजऱ्यातून बाहेर येणे. शक्यता, मध्यम. जबाबदारी, अतुल.

हे फोनवर ऐकून अतुलकाका केवढ्यांदा ओरडले, "अरे, माझ्याकडेच का?"

"तुझं लग्न झालेलं नाही म्हणून," बाबा शांतपणे म्हणाले.

बाबांनी 'राजीव' ह्या आपल्या नावानं ग्रुप बुकिंग केलं होतं, त्यावर शुक्रवारी झूकडून ई-मेल आलं. पंधरापेक्षा जास्त लोक आहेत, तर कृपया नावांची यादी पाठवा. आमच्या घरात ई-मेलचं खातं माझ्याकडे असतं. बाबा एका मेलला तीन वेळा स्पेलिंग तपासतात, मी दोन मिनिटांत तीन मेल पाठवते! मी फाइल जोडली. अख्खी. एक्सेलला खाली सहा टॅब असतात हे मला माहीत होतं. पण झूमधली माणसंही ते उघडून बघू शकतात, हे कसं कोण जाणे, माझ्या डोक्यातच आलं नाही! वर आपली ओळख राहावी म्हणून शेवटी एक ओळ मी स्वतःच्या मनानं घातली. 'मेलेल्या जिराफाबद्दल मी फोनवर विचारलं होतं. त्याचं उत्तर आता समोरासमोरच घेईन. अक्षया, फ्रॉम रीडिंग.'

वाचून मलाच वाटलं, वा! काय कॉन्फिडंट मुलगी आहे!

शनिवार उजाडला. जून महिना, लख्ख ऊन, लोक शॉर्ट्समध्ये. आणि गेटवर आमच्या नऊ बायका, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या हिवाळी कोटात! प्रत्येकीचं पोट पुढं. घाम असा निथळत होता की सुचेतामावशीची टिकली घसरून नाकावर आली होती.

गेटवर सहा माणसं उभी होती. पिवळी जाकिटं, कानात वायर, हातात वॉकीटॉकी. त्यातला सगळ्यांत धिप्पाड पुढं आला. त्याच्या छातीवर 'बॅरी' लिहिलं होतं.

"मिस्टर राजीवचा ग्रुप? मी दिवसभर तुमच्यासोबत असेन," तो म्हणाला. "आम्ही सगळेच असू."

"अगबाई!" सुचेतामावशीनं आईला ढोसलं. "सोबतीला माणसं दिली!"

बाबांची छाती कोटाशिवायच फुगली. "ग्रुप बुकिंगचं असं असतं. तयारी करून आलं की समोरच्यालाही कळतं."

आणि काय तो थाट! आमच्या पुढं दोन पिवळी जाकिटं, मागं दोन, बाजूला एकेक. बाकीचे लोक वळून वळून बघायला लागले. जयंतकाका टॉयलेटला निघाले तर एक माणूस बरोबर गेला आणि ते बाहेर येईपर्यंत दाराशी उभा राहिला! काका परत आले ते तरंगतच.

"माझ्या लग्नात सासऱ्यांनीसुद्धा एवढं केलं नव्हतं," ते म्हणाले.

"माझ्या वडिलांना मध्ये आणायचं काम नाही!" सुचेतामावशी म्हणाली.

पुण्याहून आलेले आजोबा थोडे मागं राहिले, तर बॅरी स्वतः थांबून त्यांच्याबरोबर एकेक पाऊल टाकत चालला. आजोबांना गहिवरून आलं. त्यांनी बॅरीच्या पाठीवर हात फिरवला. आई म्हणाली, बिचारा सकाळपासून उभा आहे, आणि पर्समधून चिवड्याची पुडी काढून त्याच्या हातात दिली. बॅरीनं ती दोन बोटांनी धरली, उलटसुलट करून पाहिली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीवर वेळ लिहिली.

"मुलांसाठी घरी नेत असणार," आई हळवी होऊन म्हणाली.

मी मात्र कामाला लागले होते. फॉर्मची फाइल छातीशी धरून मी प्रत्येक कीपरकडे धावत होते. पेंग्विनवाली मुलगी दिसली, धावले. मध्ये पिवळं जाकीट. माकडांचा माणूस दिसला, धावले. मध्ये दोन पिवळी जाकिटं! मी म्हटलं, "मला फक्त एक सही हवीय," तर ते म्हणाले, "कृपया ग्रुपसोबत राहा." बारा वाजले. साडेबारा वाजले. तिकडे उंटानं जांभई दिली तर जयंतकाका कुंपणावर वाकून म्हणाले, "डाव्या बाजूची दाढ काढावी लागेल ह्याची. अक्षू, बघ इकडे, हे सगळं तुला शिकवणार आहे मी!" खरं सांगते, त्या क्षणी मला सोमवार दिसला आणि त्यामागून येणारे दोन आठवडे. पांढरा मास्क, हिरवा एप्रन, आणि समोर आऽऽ करून बसलेलं अख्खं रीडिंग!

सव्वा वाजता आम्ही ठरल्याप्रमाणे जिराफाकडे पोचलो. बाबांनी घड्याळ पाहिलं. कीपर जेवायला गेला नव्हता. उलट एकाचे तीन झाले होते!

"शेड्यूल चुकतंय," बाबा पुटपुटले. तरी बायका ठरलेल्या बाकांवर बसल्या, अतुलकाका कोपऱ्यावर उभे राहिले. कोटांमधून पुऱ्यांचा वास यायला लागला होता. बॅरी नाक वर करून हुंगत होता.

तेवढ्यात त्या तिघांतला म्हातारा कीपर जिराफाबद्दल बोलायला लागला. जीभ दीड फूट, झोप जेमतेम, वगैरे. मग म्हणाला, "काही प्रश्न?"

हीच वेळ! आता नाही तर कधीच नाही! मी बाकावर चढले, हात वर केला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "जिराफ मेला, तर त्याचं करता काय?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. बॅरीनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला. "तीच मुलगी," तो म्हणाला. "जिराफाजवळ आहे. रीडिंगवाली."

आणि नेमकी त्याच वेळी निळ्या सुटातली एक उंच बाई लगबगीनं येताना अतुलकाकांना दिसली. काकांनी जबाबदारीनं दोनदा खोकून दाखवलं.

झालं! नऊच्या नऊ बायकांनी एकदम कोट आवळले आणि खाली वाकल्या.

"सिग्नल दिला!" बॅरी ओरडला. "सिग्नल दिला!"

कुठून कुठून पिवळी जाकिटं धावत आली! आजोबांना वाटलं आता सत्कार आहे, ते उठून उभे राहिले आणि हात जोडले. गोंधळात जिराफ तेवढा शांत होता. वरून मान वाकवून आम्हा सगळ्यांना असा बघत होता, जसे आम्ही इतका वेळ त्याला बघत होतो.

पाच मिनिटांनी आई, बाबा आणि मी झूच्या ऑफिसात. निळ्या सुटातल्या बाईंचं नाव हिलरी. त्या तिथल्या डेप्युटी डायरेक्टर. त्यांच्यासमोर टेबलावर आमची सहाच्या सहा शीट्स, प्रिंट काढलेली, पिवळ्या मार्करनं रंगवलेली! ती मी बघितली. दिवसभराचा तो मानपान मला एका झटक्यात कळला. बाबांना अजून कळला नव्हता. ते म्हणाले, "व्यवस्था फार छान ठेवलीत."

"मिस्टर राजीव," हिलरी म्हणाल्या, "चार गाड्या चार रस्त्यांनी का आल्या?"

"गर्दी दिसू नये म्हणून."

"आमचा कॅमेरा कुठे पोचत नाही, हे तुम्ही का शोधलंत?"

बाबांनी शीट्स टेबलाच्या कडेशी सरळ लावून ठेवल्या.

"कीपर किती वेळ नसतो, हे का मोजलंत?"

बाबांनी घड्याळाचा हात पाठीमागं नेला.

"इथं प्राणी बाहेर येण्याची शक्यता मध्यम लिहिलीय. आणि जबाबदारी अतुलची. प्राण्यांना मोकळं सोडायला येणाऱ्या टोळ्यांबद्दल आम्हाला वर्षातून दोनदा ट्रेनिंग असतं, मिस्टर राजीव. इतका व्यवस्थित प्लॅन मात्र आजवर पाहिला नव्हता. मॅडम, तुमच्या कोटाखाली काय आहे?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. मग एकेक करून बटणं काढली आणि टेबलावर स्टीलचा डबा ठेवला. झाकण उघडलं. वाफ आली.

हिलरी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हे काय आहे?"

"पुऱ्या," आई म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच कसं?" आईला ते लागलं. "दीडशे आहेत सगळ्या मिळून. भाजी सुचेताकडे आहे. श्रीखंड अतुलकडे."

"म्हणजे हे सगळं," हिलरींनी सहा शीट्सवरून हात फिरवला, "ह्या… ह्यांच्यासाठी?"

"गरम खाद्यपदार्थ चालत नाहीत म्हणाला होतात ना," बाबा हळूच म्हणाले.

हिलरी खाली बसल्या. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आधी मला वाटलं रडतायत. मग खुर्ची हलायला लागली! त्या इतक्या हसल्या की दाराशी उभा असलेला बॅरी आत डोकावला. आईनं लगेच एक पुरी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं हिलरींकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि पुरी गायब! मग बॅरीनं खिशातून चिवड्याची ती पिशवी काढली, तिच्यावरची वेळ खोडली आणि पुडी सोडली.

"बरं," हिलरी डोळे पुसत माझ्याकडे वळल्या. "आणि ते मेलेल्या जिराफाचं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण माझ्याच्यानं होईना. "मैत्रिणींनी विचारायला लावलं होतं," मी म्हणाले. "फक्त चेष्टा म्हणून. पण आता मला खरंच जाणून घ्यायचंय. तीन आठवडे झाले, मी दुसरा कसला विचारच करू शकत नाहीये. फ्रीजमध्ये त्याची मान कशी ठेवता?"

हिलरी हसायच्या थांबल्या. मग त्यांनी सांगितलं. फ्रीज नसतो तेवढा मोठा. दोन वर्षांपूर्वी त्यांची म्हातारी जिराफीण गेली, तेव्हा पहाटेच व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आली आणि अख्खा दिवस तेरा माणसं राबत होती. ती का गेली, ते शोधायला. हृदयाचं वजन अकरा किलो भरलं. हाडं एका युनिव्हर्सिटीत गेली, एकेका हाडावर नंबर घालून. आणि तो म्हातारा कीपर, ज्याला मी सगळ्यांसमोर विचारलं, त्यानंच तिला एकोणीस वर्षं सांभाळलं होतं.

मला एकदम कसंतरी झालं. "मी त्यांना सॉरी म्हणून येते," मी म्हणाले. "पण त्याआधी, अकरा किलोचं हृदय किती मोठं असतं? आणि रक्त एवढ्या उंच मानेत चढतं कसं? आणि खाली वाकल्यावर चक्कर नाही येत?"

"अक्षू, पुरे," बाबा म्हणाले.

"विचारू दे," हिलरी म्हणाल्या. त्यांची नजर माझ्या फाइलवर गेली. "त्यात काय आहे?"

मी फॉर्म पुढं केला. बाबांचा हात नकळत स्वतःच्या खिशाकडे गेला, हसणाऱ्या दाढेकडे.

"पंधरा वर्षांच्या मुलीला मी मोठ्या प्राण्यांजवळ सोडू शकत नाही," हिलरी म्हणाल्या. माझं तोंड एवढंसं झालं. "पण एक काम आहे. दरवर्षी मुलं येतात, ते काम बघतात आणि परत जातात. बघायचंय?"

त्या आम्हाला प्राण्यांच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मी मनात बाटलीनं दूध पिणारं वाघाचं पिल्लू बघत होते. हिलरींनी एक मोठा फ्रीजर उघडला. आत ट्रे. ट्रेमध्ये उंदीर. मेलेले, गोठलेले, ओळीनं मांडलेले, लहानमोठे, पांढरे, शेपट्या एका बाजूला.

"घुबडांसाठी," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी साडेसातला. साइझप्रमाणे निवडायचे, कोमट पाण्यात ठेवायचे आणि कुठल्या घुबडाला कुठला, ते लावून द्यायचे."

आईनं कोटाची कॉलर नाकावर ओढली. आमच्या घरात अंडंसुद्धा पाहुणं म्हणून येतं! "चल गं," ती म्हणाली. "झालं बघून."

"जयंतकडे एअर कंडिशनिंग आहे," बाबा अगदी प्रेमानं म्हणाले. "आणि नऊला उघडतं."

मी मागं सरकले. दारापर्यंत पोचले आणि थांबले.

"हे साइझ वेगवेगळे का?" मी विचारलं.

"घुबडं वेगवेगळी म्हणून."

"घुबड अख्खा गिळतं? मग हाडांचं काय होतं?"

"त्याचा गोळा करून तोंडातून बाहेर टाकतं. तो आपण उघडून बघतो."

"आपण म्हणजे कोण?"

"जे कोणी ह्या कामावर असेल ते," हिलरी म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, फ्रीजरच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. "घरी जाऊन विचार कर. नको वाटलं तर फाडून टाक. मी रागावणार नाही."

आम्ही परत आलो तर जिराफासमोर पंगत बसली होती. बाहेरच्या खाण्याला त्या दिवसापुरती परवानगी मिळाली होती आणि पिवळी जाकिटं रांगेनं पुऱ्या घेत होती. मी आधी त्या म्हाताऱ्या कीपरकडे गेले, सॉरी म्हणाले. त्यानं जिराफिणीचं नाव सांगितलं. मग तिच्या खोड्या सांगितल्या. मी श्रीखंडाची वाटी त्याला नेऊन दिली.

जयंतकाका हात पुसत आले. "काय डॉक्टर? सोमवारी फॉर्म देताय ना माझा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांच्या हातात दाढेचा फॉर्म. माझ्या हातात उंदरांचा. आईच्या हातात शेवटची पुरी, आणि ती पुरी मधल्या मध्ये थांबलेली.

मी बाकावर चढले. (सवयच लागली होती.)

"आई, बाबा," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा निर्णय झालाय. मी इथंच येणार! पूर्ण दोन आठवडे, रोज सकाळी साडेसातला, घुबडांच्या उंदरांवर! कोणी कितीही समजावलं तरी मी बदलणार नाही. मी निवडेन, मी लिहून ठेवेन, ते गोळेसुद्धा उघडून बघेन. फक्त आई," मी जरा आवाज खाली आणला, "पहिले दोन-तीन दिवस तू माझ्याबरोबर ये. उंदीर तेवढे तू उचल!"